मुंडीताई आणि झोपेचं सोंग

आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव मुंडीताईंच्या पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळ्या रुग्णालयाला त्या मुंडीताई म्हणूनच ठाऊक. ऑपरेशन झालेला पेशंट थिएटरमधून शेजारच्या रिकव्हरीत आणला, की त्या त्याच्या कानाशी वाकायच्या आणि म्हणायच्या, ‘‘मुंडी वर करा. अजून वर. धरून ठेवा. मी सांगेपर्यंत उशीला टेकायची नाही.’’ इतकी वर्षं हे एकच वाक्य बोलल्यावर माणसाला दुसरं नाव कशाला लागतं?

पेशंट मुंडी वर करायचे. कुणी शहाण्या पोरासारखा करायचा, कुणी करवादून करायचा. एक निवृत्त मास्तर आले होते, ते मुंडीच्या ऐवजी बोट वर करून बाहेर जायची परवानगी मागत होते. एका जाडजूड गृहस्थांनी मुंडी उचलली ती उचललीच. ताई दुसऱ्या खाटेकडे गेल्या, परत आल्या, तरी हे आपले अधांतरी. ‘‘टेकवा आता,’’ म्हटल्यावर म्हणाले, ‘‘तुम्हीच म्हणालात ना, सांगेपर्यंत नाही!’’ अशा माणसांवर ताईंचा जीव होता. सांगितलेलं ऐकणारा पुरुष त्यांनी रिकव्हरीबाहेर फारसा पाहिलेला नव्हता.

आता या मुंडीचं एवढं काय, असं एखाद्याला वाटेल. भूल म्हणजे गाढ झोप, अशी आपली सर्वांची समजूत. पण झोप वेगळी आणि अंग ढिलं करणं वेगळं. पोटात काम करायचं तर पोटाचे स्नायू ताठून चालत नाहीत, म्हणून झोपेच्या औषधाबरोबर आणखी एक औषध देतात. त्याने सगळं अंग लुळं पडतं. श्वासाचे स्नायूसुद्धा. तेवढा वेळ श्वासाचं काम मशीन बघतं. काम आटोपलं की त्या औषधावर उतारा देतात आणि स्नायू हळूहळू ताळ्यावर येतात. गोम अशी, की झोप उतरते तिच्या चालीने आणि लुळेपणा उतरतो त्याच्या चालीने. दोघं एकाच गाडीने येतील असा काही करार नसतो. झोप उतरली आणि लुळेपणा मागे रेंगाळला, तर माणूस आतून टक्क जागा आणि बाहेरून ओल्या गोधडीसारखा. त्याला सगळं ऐकू येतं. फक्त बोलता येत नाही, धड गिळता येत नाही, आणि श्वास पुरत नाही. म्हणून मुंडी. ज्याला स्वतःचं डोकं उचलून चार श्वासांपुरतं वर धरून ठेवता येतं, त्याच्या अंगात बऱ्यापैकी जोर परतलाय असं धरून चालायचं.

ताईंना हे काम वाईट नव्हतं. कंटाळवाणं होतं, एवढंच. वर्षानुवर्षं फरशीवर उभं राहून त्यांच्या टाचा दगडी झाल्या होत्या. डाव्या गुडघ्याला स्वतंत्र मत होतं. दिवसभर लोकांना उठवायचं, आणि घरी गेलं तरी सुटका नाही. घरी काटेवाले होते.

काटेवाले म्हणजे ताईंचे यजमान. मालाने भरलेले ट्रक तोलायच्या मोठ्या वजनकाट्यावर ते कामाला होते. लग्न ठरताना ताईंच्या वडिलांनी चौकशी केली होती, ‘‘काम कष्टाचं आहे का?’’ तर उत्तर आलं, ‘‘ट्रक येतो, थांबतो, जातो.’’ वडिलांना वाटलं, जावई मोजकं बोलतो. खरं तर जावयाने कामाचं संपूर्ण वर्णन केलं होतं. ट्रक त्यांच्याकडे यायचे, ते कधी ट्रककडे गेले नाहीत. काचेच्या टपरीत खुर्ची, खुर्चीवर गादी, गादीवर काटेवाले. आकडा बघायचा आणि ओरडून सांगायचा. माणूस लबाड नव्हता, दारू नाही, कुणाशी भांडण नाही. फक्त उठायचा नाही.

रोज सकाळी ताईंच्या घरी एकच प्रयोग लागायचा.

‘‘अहो, उठा. नळाचं पाणी जाईल.’’

‘‘जाऊ दे. पाणी उद्या परत येतं. माझी गेलेली झोप येत नाही.’’

‘‘अहो, उन्हं डोक्यावर आली!’’

‘‘माझ्या डोक्यावर पांघरूण आहे.’’

‘‘लाज वाटते का थोडी?’’

‘‘वाटते ना. म्हणून तर तोंड झाकलंय.’’

त्या देहात कष्टाळू असा एकच अवयव होता, तो म्हणजे जीभ. बाकीचं अंग सुट्टीवर असलं तरी जीभ कामावर हजर. लग्न झाल्यापासून ताईंनी त्यांना हजारदा झापलं असेल, पण उलट उत्तर आलं नाही असं एकदाही घडलं नाही. ताईही काही कमी नव्हत्या. पण त्या सगळं अहो-जाहो करून बोलायच्या. त्यांच्या शिव्यासुद्धा आदरार्थी बहुवचनात असत. ‘‘तुम्ही महामूर्ख आहात,’’ हे त्या अशा तऱ्हेने म्हणायच्या, की शेजाऱ्यांना वाटावं पाहुण्यांचं स्वागत चाललंय.

अशा माणसाला हर्निया व्हावा हा दैवाचा विनोदच. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, त्यांनी जड वस्तू उचलली होती. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं, त्यांचं लोखंडी कपाट जिन्यात अडकलं, आणि त्या घरची बाई सहज म्हणाली, ‘‘काका, तुम्ही तर वजनातले जाणकार.’’ काटेवाले पाघळले. कपाट वर गेलं आणि त्यांचं आतडं खाली आलं. तेव्हापासून जांघेत लिंबाएवढी गाठ होती. लिंबाचा पेरू झाला, तरी ते ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते.

‘‘घाबरता कशाला?’’ ताई म्हणायच्या. ‘‘रोज चार-पाच होतात आमच्याकडे. दुपारी आडवे, संध्याकाळी उभे, दुसऱ्या दिवशी घरी.’’

‘‘मला आडवं व्हायची भीती कधी वाटली?’’

‘‘मग कशाची?’’

‘‘चिरतात त्याचं काही नाही गं. चिरताना मी तिथे नसणारच. पण परत आणणार कोण? एवढा लांब गेलेला माणूस.’’

‘‘मी आणणार. आजवर किती आणलेत.’’

‘‘ते परके होते. घरच्या माणसाला मनापासून कोण उठवतं?’’

‘‘तुम्हाला उठवायचा सराव माझ्याएवढा जगात कुणाला आहे?’’

‘‘म्हणजे तिथे तूच असशील?’’

‘‘मीच.’’

‘‘दुसरी कुणी नाही? शब्द दे.’’

‘‘दिला,’’ ताई म्हणाल्या, आणि त्या शब्दावर काटेवाले ऑपरेशनला तयार झाले.

शब्द देणं सोपं असतं. ऑपरेशनच्या दिवशी रिकव्हरीतली दुसरी सिस्टर तापाने घरी. आदल्या पाळीलाही ताईच होत्या, तेव्हा सकाळी त्यांचे डोळे भाजल्यासारखे चुरचुरत होते. मेट्रनबाईंनी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं.

‘‘मुंडीताई, आज तुमचे मालक आहेत यादीत. नियमाने तुम्ही बाहेर बसायचं. नातेवाइकांनी आत थांबायचं नसतं.’’

‘‘मी शब्द दिलाय त्यांना.’’

‘‘नवऱ्याला शब्द मीपण पुष्कळ दिलेत,’’ मेट्रनबाई म्हणाल्या. ‘‘ते काय पाळायचे असतात?’’

‘‘मग दुसरी कोण आहे ते सांगा. बसते मी बाहेर.’’

दुसरी कुणीच नव्हती. मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला. नियम कपाटात गेला आणि ताई रिकव्हरीत गेल्या.

काटेवाल्यांचा नंबर शेवटचा होता. आत नेताना स्ट्रेचर ओढणारे मामा म्हणाले, ‘‘काका, आज तुमचा मान. झोपायला चार माणसं मदत करणार.’’

‘‘एवढी सोय घरी नाही,’’ काटेवाले म्हणाले. पण त्यांचे ओठ कोरडे होते, आणि दारातून आत जाईपर्यंत त्यांनी मान वळवून ताईंकडे पाहिलं.

काम ठरल्यापेक्षा लांबलं. इतकी वर्षं हट्टाने सांभाळलेला हर्निया, तो काही सहज सोडून जाणार नव्हता. आतडं आत जागोजागी चिकटलं होतं. शेवटी शेवटी काटेवाल्यांचं पोट ताठू लागलं, म्हणून भूलवाल्या डॉक्टरांनी अंग ढिलं करायचं औषध आणखी थोडं दिलं. या डॉक्टर तरुण, हुशार आणि स्वभावाने सरळ. त्यांचा अंदाज होता, अजून बराच वेळ लागेल. पण सर्जनच्या हाताला एकदम वाट सापडली आणि काम चटकन उरकलं. मग उतारा दिला गेला. काटेवाल्यांनी डोळे किलकिले केले, पाय हलवला, तशी डॉक्टरांनी त्यांच्या घशातली श्वासाची नळी काढली. अंगठ्याला झटके देऊन जोर किती परतलाय ते दाखवणारं एक छोटं मशीन असतं, ते त्या वेळी शेजारच्या थिएटरात अडकलेलं. डॉक्टरांनी काटेवाल्यांचा चेहरा पाहिला, आकडे पाहिले, दोन्ही ठीक वाटले.

‘‘ताई, शेवटी थोडं जास्त द्यावं लागलंय,’’ रिकव्हरीत सोडताना त्या म्हणाल्या. ‘‘जरा नजर ठेवा. मी आत आवरून येते.’’

‘‘हो हो,’’ ताई म्हणाल्या.

ऐकलं त्यांनी. पण आदल्या दिवसापासून त्या कानांनी इतकं ऐकलं होतं, की हे वाक्य एका कानातून आत गेलं, बसायला जागा मिळाली नाही, आणि दुसऱ्या कानातून निघून गेलं.

त्यांनी ऑक्सिजनचा मास्क नीट केला, बोटाला चिमटा लावला. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा उत्तम. मग कानाशी वाकून, नेहमीपेक्षा जरा मऊ आवाजात, त्या म्हणाल्या, ‘‘अहो. झालं सगळं. मी आहे. मुंडी वर करा बघू.’’

काटेवाल्यांच्या पापण्या अर्ध्या उघडल्या. मुंडी उशीवरून जेमतेम सुटली आणि परत पडली.

पापण्या मिटल्या.

ताईंना हसू आलं. दुसरा कुणी असता तर त्या हसल्या नसत्या, तिथेच थबकल्या असत्या. पण ही उशीवरून जराशी सुटून परत पडणारी मुंडी त्यांनी रोज सकाळी पाहिलेली होती. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून पाहिलेली होती.

‘‘घरची सवय इथे चालायची नाही हं. वर करा.’’

या वेळी तेवढंही नाही. ताईंनी त्यांचा हात हातात घेतला. ‘‘बरं, हात दाबा माझा.’’ बोटं आत वळली, ताईंच्या तळव्यावर आली, आणि घसरली.

मामा स्ट्रेचर भिंतीला लावत होते. ते म्हणाले, ‘‘काका अजून गेलेले दिसतात.’’

‘‘कुठले जातायत! चांगले जागे आहेत. पापण्या बघा ना, हलतायत. झोपलेल्याला उठवता येतं मामा, झोपेचं सोंग घेतलेल्याला देवसुद्धा उठवू शकत नाही.’’

मामा हसत निघून गेले. ताईंनी शेजारच्या खाटेवरच्या बाईंची सलाईन बदलली, त्यांना पाणी पाणी करू नका म्हणून समजावलं, आणि परत आल्या. पाय ठणकत होते. एका हाताने खाटेची कड धरून त्यांनी शरीराचा भार गुडघ्यावरून काढला. आणि मग तोंडातून ते निघालं. ओरडून नाही. ओरडायलाही जोर लागतो. हळू आवाजात, जवळजवळ भिंतीशी बोलावं तसं निघालं.

‘‘अहो, आज तरी. लग्न झाल्यापासून मी तुम्हाला उठवतेय. पोरगी शाळेत जायला लागली, शिकली, लग्न होऊन गेली, आणि मी आपली उठवतेच आहे. इथे उठवा, घरी उठवा. कंटाळा आला मला. तुमचा कंटाळा आला. एक दिवस, फक्त आजचा एक दिवस, सांगितल्याबरोबर कराल का काही?’’

बोलून झाल्यावर त्या थांबल्या. अशा बोलण्यानंतर जे यायचं असतं, त्यासाठी थांबल्या. त्यांच्या डोक्यात उत्तर तयारही होतं: ‘उद्या करतो, आज ऑपरेशन आहे,’ किंवा असंच काही. इतक्या वर्षांनी ताईंना काटेवाल्यांच्या वाटचे टोमणेही पाठ झाले होते.

उत्तर आलं नाही.

शेजारच्या बाई कण्हल्या. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. ताई वाट बघत राहिल्या, आणि वाट बघता बघता चरकल्या. हा माणूस आळस करील, सोंग करील, दिवसभर पडून राहील. पण झापल्यावर गप्प बसणार नाही. ते त्याला जमणारच नाही.

त्या वाकल्या आणि त्यांनी परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. कपाळावर आठ्यांची रांग उभी होती. पापण्या उचलण्यासाठी हा माणूस सगळं कपाळ वर ओढत होता, आणि तरी पापण्या अर्ध्यावरच. ओठ हलत होते, आवाज नव्हता. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली होती, ती गिळली गेली नव्हती. पोट वर यायचं तेव्हा छाती आत जायची. वीतभर लांबीचा उथळ श्वास, मग पुन्हा तसलाच. कानाच्या पाळीपर्यंत घाम. आणि मशीनवरचा आकडा अजून शहाण्यासारखा वर बसलेला, कारण नाकावर ऑक्सिजन होता. कष्ट किती पडतायत हे त्या आकड्याला काय कळणार?

‘‘डॉक्टर!’’ ताई ओरडल्या. ‘‘डॉक्टर, इकडे! उतरलं नाहीये!’’

डॉक्टर हातमोजे न काढताच धावत आल्या. ताईंनी तोवर हनुवटी वर उचलून धरली होती. मास्क घट्ट बसवून त्याला जोडलेली हवेची पिशवी दाबायला सुरुवात झाली आणि काटेवाल्यांची छाती पहिल्यांदा नीट वर आली. मामांनी शेजारच्या थिएटरातून ते छोटं मशीन अक्षरशः पळवून आणलं. मनगटाला तारा लावल्या. अंगठा एकामागून एक चार वेळा उडायला हवा, आणि चारही वेळा सारख्या जोराने. पहिल्यांदा तो बरा उडाला. दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा निव्वळ शहारल्यासारखा. चौथ्यांदा ढिम्म.

‘‘अर्धाही जोर नाही,’’ डॉक्टर पुटपुटल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण हात थांबले नव्हते. त्या काटेवाल्यांच्या कानाशी वाकल्या. ‘‘काका, तुम्ही जागे आहात, आम्हाला कळलंय. तुमच्या अंगात औषध राहिलंय. श्वासाची काळजी करू नका, श्वास आम्ही देतोय. आता दुसरा उतारा देते. थोडाच वेळ.’’

हे असं सांगायचं असतं, हे ताई नवीन पोरींना शिकवत. आज त्यांच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. त्या नुसत्या हनुवटी धरून उभ्या राहिल्या.

हा दुसरा उतारा वेगळ्या जातीचा. पहिला नुसता औषधाशी ढकलाढकली करतो. हा त्या औषधाला गाठतो, कवेत घेतो आणि तसाच घेऊन बाहेर पडतो. शिरेतून तो आत गेला आणि सगळे अंगठ्याकडे बघत राहिले. आधी चौथ्यांदा अंगठा जरासा शहारला. मग हलला असं म्हणता येईल इतपत हलला. मग चारही वेळा उडू लागला, एकसारखा, हट्टी पोरासारखा. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. पापण्या पूर्ण वर आल्या. मग कुणीही न सांगता काटेवाल्यांनी मान उशीवरून उचलली, तशीच धरली, आणि ताईंकडे बघत राहिले.

‘‘टेकवा,’’ ताई म्हणाल्या. ‘‘अहो, टेकवा आता.’’

सगळं स्थिर झाल्यावर डॉक्टर ताईंना घेऊन खिडकीशी गेल्या. दोघी थोडा वेळ बाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिल्या, जणू तिथे काही बघण्यासारखं होतं.

‘‘मी मशीनची वाट बघायला हवी होती,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘चेहरा बघून सोडलं.’’

‘‘तुम्ही मला सांगितलं होतंत नजर ठेवा म्हणून. मी नजर ठेवली. पण पेशंटवर नाही, नवऱ्यावर ठेवली.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मला वाटलं, आळस करतायत.’’

डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. ‘‘मी लिहिणार आहे हे सगळं,’’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘‘माझ्याकडून काय राहिलं, ते आधी.’’

‘‘माझंही लिहा,’’ ताई म्हणाल्या.

संध्याकाळी काटेवाल्यांना वॉर्डात हलवलं. ताईंची पाळी संपली होती. त्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या, आणि बसल्यावर लक्षात आलं, की सकाळपासून आपण बसलेलोच नाही. काटेवाल्यांचा घसा बसला होता, पण जीभ कामावर परतली होती.

‘‘कसं वाटत होतं?’’ ताईंनी विचारलं. त्यांना विचारायचं नव्हतं. पण न विचारता बसणंही जमेना.

‘‘छातीवर ट्रक,’’ काटेवाले म्हणाले. ‘‘भरलेला. आणि ड्रायव्हर चहाला गेलेला. मी आपला ओरडतोय, अरे काढा, अरे काढा. माझं मलाही ऐकू येईना.’’

‘‘आणि माझं?’’

‘‘तुझं सगळं ऐकू येत होतं.’’

ताईंनी पदराने उगीचच खाटेची लोखंडी कड पुसली. ‘‘मी नको ते बोलले.’’

‘‘त्याचं काय! तू बोलत होतीस तोवर बरं होतं. म्हटलं, शिव्या देतेय म्हणजे ही इथेच आहे, आणि शिव्या खातोय म्हणजे मीपण इथेच आहे. मग तू एकदम गप्प झालीस.’’ त्यांनी छताकडे पाहिलं. ‘‘तेव्हा मात्र टरकली माझी. लग्न झाल्यापासून तू अशी कधी गप्प झाली नव्हतीस. म्हटलं, आपलं काही खरं नाही.’’

पलीकडच्या खाटेवरचा माणूस फोनवर कुणाला तरी घराची किल्ली कुठे आहे ते समजावत होता.

‘‘पण ते एक,’’ काटेवाले म्हणाले, ‘‘कंटाळा आला म्हणालीस. खरंच आलाय?’’

इथे ताईंना ‘नाही हो, असंच रागाने’ म्हणता आलं असतं. सकाळपासून त्या एवढ्या थकल्या होत्या, की खोटं बोलायचीही ताकद उरली नव्हती.

‘‘आलाय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘माझा?’’

‘‘तुमचा. कामाचा. उठवण्याचा.’’

काटेवाल्यांनी मान डोलावली. आश्चर्य म्हणजे, या वाक्यावर त्यांनी काहीच टोमणा मारला नाही. आणि या वेळी अंगात औषध नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाई पाळ्यांचा कागद घेऊन आल्या. ‘‘मुंडीताई, ती दुसरी सिस्टर अजून तापातच आहे. आज रात्रीचं पण बघाल ना?’’

‘‘नाही.’’

मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. एवढ्या वर्षांत हा शब्द या तोंडातून त्यांनी ऐकला नव्हता. ‘‘नाही म्हणजे?’’

‘‘नाही म्हणजे नाही, बाई. सलग दोन पाळ्या मी यापुढे करणार नाही. मी दमलेली असले, की मला समोरचा दमलाय का लुळा पडलाय हे कळत नाही. काल माझा माणूस होता. उद्या दुसऱ्या कुणाचा असेल.’’

‘‘अहो, पण मी कुणाला लावू?’’

‘‘ते तुमचं काम आहे. माझं काम मुंडी बघायचं, ती मी जाग्या डोळ्यांनी बघीन.’’

मेट्रनबाई रागावल्या. दोन-चार शब्द बोलल्या, जुने उपकारही काढले. ताई ऐकून घेत उभ्या राहिल्या आणि शेवटी पुन्हा नाहीच म्हणाल्या. मग मेट्रनबाई कागद घेऊन दुसऱ्या वॉर्डाकडे गेल्या. चालताना त्यांचीही चप्पल फरफटत होती, हे ताईंनी पाहिलं, आणि त्यांना वाईट वाटलं. पण त्यांनी हाक मारली नाही.

काटेवाले घरी आले. टाके होते, वाकायचं नव्हतं, पण चालायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ‘‘पडून राहू नका.’’ हा सल्ला त्यांनी त्यांच्या आयुष्यात मिळालेल्या बाकी सगळ्या सल्ल्यांच्या शेजारी नेऊन ठेवला.

ताईंची सुट्टी होती. दुपारी भांडी आवरून त्या दुसऱ्या खाटेवर आडव्या झाल्या. उशीला डोकं टेकलं तसं त्यांना जाणवलं, की अंगातला एकेक सांधा आपापल्या जागी सुटतोय. झोपेच्या अगदी उंबऱ्यावर असताना हाक आली.

‘‘अगं.’’

ताई हलल्या नाहीत.

‘‘अगं, ऐकतेस का? चहा झाला असता तर बरं झालं असतं.’’

‘‘झाला असता,’’ ताई डोळे मिटूनच म्हणाल्या. ‘‘कुणी केला असता तर.’’

पलीकडची खाट कुरकुरली. ‘‘माझे टाके आहेत.’’

‘‘चालायला सांगितलंय डॉक्टरांनी.’’

‘‘स्वयंपाकघरापर्यंत?’’

‘‘त्यांनी अंतर सांगितलं नाही.’’

एक लांब उसासा, मग पाय खाली टेकल्याचा आवाज. मग ‘आई गं’, पण तेही फारसं मनापासून नव्हे. पावलं फरफटत, भिंतीचा आधार घेत, मध्ये थांबत थांबत स्वयंपाकघराकडे गेली. ताई पडल्या पडल्या ऐकत होत्या. डोळे न उघडता त्यांना कळत होतं, की पावलात जोर आहे, श्वास लांब आहे, आणि कुरकुर खणखणीत आहे. माणूस शाबूत होता. एवढं कळलं आणि त्यांनी कूस बदलली.

आत फडताळाची दारं उघडली, आपटली, परत उघडली. चमचा खाली पडला. तो उचलायला वाकायचं नाही, हे आठवून काटेवाल्यांनी तो पायानेच बाजूला सारलेला ऐकू आला.

‘‘अगं! साखर कुठे ठेवतेस तू?’’

‘‘शोधा,’’ ताई म्हणाल्या, आणि झोपल्या.